तात्यांना कोणी सांगितलं?

मी तात्यांना एक शब्द बोलले नव्हते. पण आमच्या वॉर्डात कोणाला पटेल तर शपथ! परळच्या या हॉस्पिटलात अठरा वर्षं मावशी म्हणून राबतेय. चादरी बदलते, पॉट देते, तोंड चालवते. तोंड चालवते म्हणून आळ पहिला माझ्यावर. शेवटच्या दिवसांतल्या गोष्टी इथे धुवायच्या चादरींसारख्या साठतात. चार झटकून दाखवते.

* * *

डॉक्टर लोक 'मरणार' म्हणत नाहीत. आमचे कामेरकर डॉक्टर तरुण, जीभ मऊ. एका पेशंटच्या भावाला म्हणाले, "आता घरी न्या. सेवा करा."

भाऊ म्हणाला, "सेवा आम्ही करतोच आहोत. तुम्ही इलाज करा ना!"

डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. मग आशेने माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मी चौथी शिकलेली. तुम्ही एवढं शिकलात ते कशाला?

* * *

गिरगावच्या एक आजी होत्या. डॉक्टरांनी घाम पुसत विचारलं, श्वास अडकला तर नळी घालून मशीन लावायचं का?

आजी म्हणाल्या, "नळी घातल्यावर मला बोलता येईल?"

"नाही येणार, आजी."

"मग नको. सुनेला एवढा आराम कशाला?"

सून शेजारीच बसलेली. तीच सगळ्यात आधी हसली, मग बाहेर जाऊन रडली.

* * *

आता तात्या. लालबागचे, जुने गिरणीवाले. मुलगा डॉक्टरांना बजावून गेला, आईला मी सांगितलंय, बाबांना कळता कामा नये, खचतील. मुलाची पाठ वळली आणि तात्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, काय वाईट असेल तर पोराला सांगू नका, घाबरट आहे.

दोघांना चुकवता चुकवता डॉक्टर माझ्या चादरींच्या खोलीत येऊन बसायचे!

तात्यांची बायको सुलोचना मात्र कोणाला घाबरत नसे. तात्यांना डायबेटिस. पहिल्या दिवशी वॉर्डातला गोड चहा तिने बेसिनमध्ये ओतला आणि तेव्हापासून घरून थर्मास आणायला लागली.

* * *

गुरुवारी राउंडला तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर, नळीबिळी नको. माझं झालंय. मला खोलीवर न्या, खिडकीत पडून गल्ली बघेन."

मुलगा माझ्यावरच धावला. ह्या बाईनेच सांगितलं! मोठ्या सिस्टर कागद घेऊन आल्या. पेशंटला कोणी सांगितलं ते लिहायचं, खाली माझी सही. सही केली असती तर नोकरी गेली असती. म्हटलं, हात तोडा, सही नाही करणार. मी नाही सांगितलं.

तात्या उठून बसले. मुलाला म्हणाले, "तिका कित्याक बोलतस?"

मग डॉक्टरांकडे वळले. "बावीस वर्षं घरात मला बिनसाखरेचा चहा. सणाला नाही, पोराच्या लग्नात नाही. सोमवारी थर्मासमधला घोट घेतला. दोन चमचे साखर होती."

डॉक्टरांनी हळूच घरी सोडायचा फॉर्म पुढे ओढला. पलंगाच्या पायथ्याशी बायको थर्मास पोटाशी धरून उभी, नजर फरशीवर. तात्या तिच्याकडे बघून गालात हसत होते.

मोठ्या सिस्टरांचं पेन अजून तसंच उघडं. "मग नाव काय लिहू?"

मी म्हटलं, लिहा, सुलोचना.