कच्च्या दुधातला नीलम

आमच्या घरातला पहिला टचस्क्रीनचा मोबाइल मी गाईच्या कच्च्या दुधात बुडवला. चुकून नव्हे. म्हणजे बुडवायचा होता थोडासाच. पण बुडवायचा होता, हे खरं.

तो फोन माझ्या मेहुण्यानं परदेशातून आणून दिला होता. त्या काळी आमच्या शिवाजी पेठेत मोबाइल म्हणजे बटणांचा. खिशातून पडला तर फोनला काही व्हायचं नाही, फरशीचा टवका उडायचा! हा मात्र नुसता काळाभोर आरसा. मी त्यात आपलं कार्ड घातलं आणि दुसऱ्याच दिवशी तालमीच्या कट्ट्यावर मिरवायला नेला.

"फुटला तर?" बंड्यानं विचारलं. बंड्या माझा शाळेपासूनचा दोस्त. कुठलीही नवी वस्तू बघितली की त्याला पहिला प्रश्न हाच पडतो. माझ्या लग्नातसुद्धा त्यानं मंगळसूत्राबद्दल हेच विचारलं होतं.

आता मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. दिवसभर ओतीव लोखंडाशी गाठ. काचेतलं मला काय कळणार? पण लोखंडातलं कळतं त्याला काचेतलंही कळतं, असा कट्ट्याचा समज होता, आणि तो मोडायचं मला काही कारण नव्हतं. शिवाय रविवारच्या पुरवणीत मी वाचलं होतं की, ही कंपनी पडद्यासाठी नेमकं काय वापरते ते कुणाला सांगत नाही. कुणी म्हणतं नवी काच, कुणी म्हणतं कारखान्यात बनवलेला नीलम, अशी चर्चा आहे. यातलं 'अशी चर्चा आहे' एवढं मी कट्ट्यावर चढताना चपलांबरोबर खालीच काढून ठेवलं.

"फुटतोय कशाला? नीलमाचा पडदा हाय त्यो."

"नीलम? अंगठीतला?"

"व्हय. कंपनी वापरती गुपचूप."

"गुपचूप का म्हणून?"

"बोंबलून सांगितलं तर जगातला नीलम महाग व्हईल की, शान्या!"

हे कारण मी तिथल्या तिथं तयार केलं होतं. ते इतकं झकास निघालं की मलासुद्धा पटलं. सगळा कट्टा फोनवर वाकला. फक्त कोपऱ्यातले एक नाना पेपरमधून डोकं वर न काढता बसून राहिले. या माणसाला विज्ञानाची गोडी नाही, असं मला वाटलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. मी चालत आलो होतो. ती पेठेतून आली होती. अव्वा, म्हणजे माझी आई, दारातच उभी.

"शनीचा खडा आणलास व्हय रं घरात?"

आमच्या अव्वाचं माहेर निपाणीकडचं. तिचा भाऊ मल्लूमामा यानं एकदा कुणाचं तरी ऐकून नीलमाची अंगठी घातली, आणि आठवड्याच्या आत त्याची म्हैस मेली, गिरणीचा पट्टा तुटला आणि मामी माहेरी गेली. (मामी त्याआधीही दर महिन्याला माहेरी जायची. पण ते जाणं नीलमाच्या खात्यावर धरत नाहीत.) तेव्हापासून आमच्या घरात नीलम हे नाव तिन्हीसांजेला घेत नसत.

"अव्वा, अगं नुसती चर्चा हाय म्हणून लिवलंय पेपरात."

"मग कंपनी काय म्हणती?"

"कंपनी काय बोलतच न्हाय."

"बघ! चांगलं असतं तर साखर वाटून सांगितलं असतं की. लपवत्यात म्हंजे शनीच हाय!"

कट्ट्यावर जे कारण माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं, तेच इथं अव्वाच्या बाजूला जाऊन बसलं.

एरवी मी तो फोन गुंडाळून कपाटात ठेवला असता. पण माझी धाकटी बहीण विजू हिला त्याच आठवड्यात कुरुंदवाडचे पाहुणे बघून गेले होते. आधीच्या पाहुण्यांना तिनं तोंड वाकडं करून चहा दिला होता. या वेळी पहिल्यांदाच पोह्यांवर खोबरं स्वतः होऊन घातलं. मुलगा तिला आवडला होता, हे आम्ही त्या खोबऱ्यावरून ओळखलं. "सोमवारी सांजच्याला फोन करून काय ते सांगतो," असं म्हणून मंडळी गेली. आणि आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खोदताना टेलिफोनची केबल तुटलेली! म्हणजे विजूचं लग्न ज्या वाटेनं येणार, ती वाट माझ्या खिशातून जात होती.

"अण्णा, काय बी कर, पण त्यो फोन बंद ठेवू नगंस," विजू दर तासाला सांगे.

"अण्णा, त्यो फोन घरात ठेवू नगंस," अव्वा दर अर्ध्या तासाला सांगे.

शेवटी अव्वानंच रीत काढली. नीलम लागतो की नाही, ते बघायला तो उशाखाली ठेवून झोपतात आणि स्वप्न काय पडतं ते बघतात. मी झोपलो. सकाळी डोळे उघडतो तर सगळं घर अंथरुणाभोवती!

"काय दिसलं?"

"रंकाळ्यात म्हशी पोहत होत्या. आन मी काठावर बसून त्यांची हजेरी घेत होतो."

"म्हशी? काळ्या?"

"अव्वा, म्हशी काळ्याच असत्यात."

"शिवा शिवा शिवा!"

झालं. त्या दिवशी कुकरची शिट्टी उडून छताला लागली: नीलम. तात्या, म्हणजे माझे वडील, न्हाणीच्या पायरीवर घसरले: नीलम. माझी बायको शोभा शांतपणे म्हणाली, "पायरीवर शेवाळ हाय. घासा म्हणून महिनाभर सांगतीया." तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मी हसत होतो वरवर. पण फौंड्रीत गेलो तर पंपाच्या बॉड्यांची अख्खी रास नापास झाली (रोजच्यापेक्षा दोनच जास्त), आणि माझा हात आपोआप खिशाकडं गेला. पडद्याकडं बघितलं तर त्यात माझंच तोंड, काळंठिक्कर! मी स्वतः सोडलेली अफवा आता मलाच चावायला लागली होती. विजूचं लग्न मोडलं तर? आणि पडदा खरंच नीलमाचा असला तर? कंपनी तरी का बोलत नाही?

सोमवारी दुपारी अव्वा दारात आडवी बसली. फोन एक तर घराबाहेर जाईल, नाही तर शुद्ध होईल. नीलम शुद्ध करतात कच्च्या दुधात आणि गंगाजळात. मी, विजू आणि अव्वा यांच्यात बोलणी होऊन तोडगा निघाला: फोन उताणा नव्हे, पालथा धरायचा, आणि नुसता पडदा दुधाला टेकवायचा. शनी पडद्यातच आहे, मागल्या बाजूला नाही, हे मी अव्वाला शास्त्राच्या आधारे पटवून दिलं.

पण दूध? कोल्हापुरात पावलापावलावर म्हशीचं दूध, तेही डोळ्यांदेखत काढून. अव्वा म्हणाली, म्हशीचं चालणार नाही. म्हशी स्वप्नात येऊन गेल्यात. गाईच्या दुधासाठी मी अर्धी पेठ पालथी घातली. परत आलो तर तात्या काशीहून आणलेला गंगेचा गडू स्क्रू-ड्रायव्हरनं फोडत बसलेले, आणि तोंड एवढंसं झालेलं.

"ह्यो माझ्या शेवटच्या घोटासाठी ठेवला हुता नव्हं?"

"तुमाला दुसरा आणू," अव्वा म्हणाली. "तुमाला काय घाई हाय?"

पितळी परातीत दूध ओतलं, गंगाजळ घातलं. अव्वा पुटपुटायला लागली. मी दोन बोटांच्या चिमटीत फोन पालथा धरला आणि हळूहळू खाली नेला. टेकला. आणि नेमका त्याच क्षणी तो वाजला! वाजला म्हणजे थरथरला. अव्वा दचकते म्हणून आवाज मीच बंद करून ठेवला होता. एखादी जिवंत मासळी हातात वळवळावी तसं झालं आणि मी "आयाऽऽ" करून चिमटी सोडली.

डुबुक!

परातीतलं दूध थरथरायला लागलं. लाटा उठल्या. दुधाच्या आतून निळसर उजेड आला.

"जागा झाला गंऽ!" अव्वा किंचाळली.

"कुरुंदवाडचा फोन हाय त्यो!" विजूनं परातीत हात घातला, फोन वर काढला आणि हिरव्या जागेवर बोट लावलं. काही होईना. ओल्या पडद्याला ओलं बोट कळत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं "पूस!" तिनं पदरानं खसाखसा पुसला. त्या पुसण्यात पदर तांबड्या जागेवरून फिरला आणि फोन कट झाला. मग दोन थेंब दूध गाळून कायमचा विझला.

पाहुण्यांचा नंबर होता तो त्याच फोनात. विजू मोरीत जाऊन हात धुऊ लागली आणि बराच वेळ धूतच राहिली. मी मोटारसायकलला किक मारली.

कुरुंदवाडपर्यंत मी कारणं तयार करत गेलो. मुलाचे वडील शिवाप्पा यांचं खताचं दुकान. आवाज या बांधावरून त्या बांधावर जाणारा. मला बघून ते गादीवरून हलले नाहीत.

"या पावणं."

मागल्या खेपेला ते मला अण्णा म्हणाले होते.

"फोन का कापला?"

"रेंज न्हवती."

"वाजला की चांगला."

"बॅटरी उतरली हुती."

"रेंज न्हवती का बॅटरी न्हवती? एक काय ते सांगा."

"दूध हुतं," मी म्हणालो.

मग सगळंच सांगितलं. पुरवणी, कट्टा, उशी, म्हशी, परात. शिवाप्पा मिशीवर हात ठेवून ऐकत होते.

"आमचं साडू तुमच्या कट्ट्यावर बसत्यात," ते म्हणाले. (पेपरमागचे नाना! विज्ञानाची गोडी नसलेले!) "त्येंचा निरोप आला, पोरीच्या भावानं घरात शनी आणलाय आन वर चारचौघांत मिरवतोय. आमच्या घरात गलका झाला. ठरलेलं मोडायच्या बेताला आलं. म्हटलं, आधी त्यांच्याच तोंडनं ऐकावं, म्हणून फोन केला. तर तुमी कापला!"

म्हणजे मी कट्ट्यावर बोललो नसतो तर कुरुंदवाडचा फोन नुसता 'हो' म्हणायला आला असता!

"आता कुठं हाय त्यो खडा?"

"परातीत."

"कच्च्या दुधात?"

"गाईच्या. गंगाजळ घालून."

"चालू हाय?"

"न्हाय. मेला."

शिवाप्पांनी केवढा तरी सुस्कारा सोडला. "मग गेली की पीडा! रीतीनं गेली. आमच्या मंडळींचं एवढंच म्हणणं हुतं." ते सरसावून बसले. "पोरगी आमाला पसंत हाय. पोराला तर लईच हाय. फकस्त एक खरं सांगा. ही असली अक्कल घराण्यात चालत आलीया, का तुमची एकट्याचीच?"

माझ्या डोळ्यांपुढं अव्वा आली, मल्लूमामा आला, गडू फोडणारे तात्या आले. आणि मोरीत हात धुणारी विजू आली.

"माझी एकट्याचीच," मी म्हणालो.

"मग काढा तारीख," शिवाप्पा म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "च्या टाक गं! आन ह्यास्नी स्टीलच्या पेल्यातनं दे. काचंचं काय बी हातात देऊ नगंस!"