आत्याचं इन्सुलिन आणि गाडीतला फ्रिज

गेल्या वैशाखात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सिल्लोडकडच्या आमच्या गावात माझ्या आत्यावर अन्याय झाला. फिरत्या दवाखान्याच्या गाडीतून मिळणारं इन्सुलिन ती नेमानं घेत होती, तरी साखर चढतच होती. त्यावर गाडीचा व्यवस्थापक चारचौघांत म्हणाला, "मावशी, आमरस किती वाट्या झाला?"

बायका हसल्या. "बोट बी लावलं नाय," आत्या म्हणाली. कुणी मानलं नाही.

मला या माणसाचा संशय आधीपासूनच. गाडीतला फ्रिज विजेवर चालतो आणि गॅसवरही. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणूनच तसला बसवलेला. तरी हा गाडी शाळेपाशी लावायचा, वायर आत टाकायचा आणि गॅसचं नाव काढायचा नाही. मग सिलिंडर कुणाच्या घरी जातोय?

पुढच्या खेपेला मी शहरातल्या मुकुंदवाडीहून मुद्दाम गावी गेलो आणि गाडीत चढलो.

"या नेते," तो म्हणाला. "फ्रिजचा दिवा बघा. करंट चालू हाय."

दिवा लागला होता, पण मिणमिणता. शाळेतला पंखा पाती मोजता येतील इतका हळू फिरत होता. हा फ्रिज मागचा हीटर नीट तापला तरच आत गार होतो. मी मागं हात लावला. कोमट. आत थर्मामीटरचा काटा बाहेरच्या उन्हाशी बरोबरी करत होता, आणि उष्णतेत इन्सुलिनची ताकद जाते.

"गॅस लावा मग."

"गाडी चालताना बंद ठेवावा लागतो."

"गाडी उभी हाय."

मी सिलिंडरचा कप्पा उघडला. सिलिंडर जागेवर, भरलेला, सीलसुद्धा शाबूत. वर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू. दसऱ्यापासून कुणी हातच लावला नव्हता.

"भडकला तर?" तो पुटपुटला.

भीती म्हणे. मला तर तो निव्वळ आळस वाटतो. मी शहरातून बर्फात आणलेल्या बाटलीनं आत्याची साखर उतरली, पण "आमचं चुकलं" हे त्यानं अजून चारचौघांत म्हटलेलं नाही. गावात आमरसाचीच गोष्ट चालू आहे.

तुमच्या गावात अशी गाडी आली तर औषध हातात घेण्याआधी फ्रिज उघडायला लावा. थर्मामीटर स्वतः वाचा. गार नसेल तर ते औषध घेऊ नका, आणि दोष रोग्यावर ढकलणाऱ्याला तिथंच, सगळ्यांसमोर, माफी मागायला लावा.