अम्मीच्या अंगणातला खजूर

नळदुर्गच्या आमच्या घरामागं डोक्याच्या वर जाणाऱ्या काळ्या दगडी भिंतीचं अंगण होतं. अम्मी पडदा पाळायची, त्यामुळं तिच्या वाट्याला मोकळं आभाळ तेवढंच. अंगणात आली की डोक्यावरची ओढणी खांद्यावर टाकायची आणि तिचा आवाजसुद्धा बदलायचा. तिथं काय लावायचं हे तीच ठरवायची. झाडानं खायला दिलं पाहिजे आणि त्यावर कुणाला चढावं लागता कामा नये, हे तिचे दोन कायदे. माणूस वर चढला की त्याला अख्खं अंगण दिसणार. म्हणून जांभूळ नको, शेवगा नको. डाळिंब, अंजीर, लिंबू, सीताफळ, मोरीच्या पाण्यावर कढीपत्ता आणि पुदिना, सगळं हाताला येईल असं.

खजूर तेवढा अब्बांच्या हट्टाचा. हजहून आलेल्या चुलत्यानं दिलेले खजूर खाऊन त्यांनी बिया पेरल्या आणि एक उगवली. "चढायचंच झालं तर मी चढंन," ते म्हणाले. किल्ल्याच्या पायऱ्या चढताना दोनदा बसणारा माणूस! पण अम्मी हसली आणि झाड राहिलं. अब्बा नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणीसुद्धा त्याच्याच बुंध्याशी सोडायचे. सहा-सात वर्षांत त्यानं भिंतीवर डोकं काढलं आणि तिथंच घात झाला.

एका दुपारी दारू-ताडीवर कर घेणाऱ्या आबकारी खात्याचा दरोगा दारात उभा राहिला. शेंडा त्याला रस्त्यावरून दिसला होता, आणि दिसायला शिंदी आणि खजूर सारखेच. निजामाच्या राज्यात शिंदीचं झाड कुणाच्याही जमिनीत उगवलं तरी त्यावर हक्क आबकारीचा. ते तोडणं गुन्हा, आणि ताडी काढायला झाडावर सरकारी नंबर पडला की शिंदी काढणारा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर चढणार. आमच्या नमाजी घरात ताडीचं मडकं, आणि मडक्याशेजारी परका पुरुष!

"साहेब, हा खजूर हाय," अब्बा म्हणाले.

"पुरावा?"

चुलते वारले होते. खजूर आम्ही खाल्ले होते. कचेरीबाहेर बसून दुनियेचे अर्ज लिहून देणाऱ्या अब्बांना स्वतःसाठी एक ओळ सुचेना. दरोगा तसा वाईट नव्हता. म्हणाला, आठ दिवसांनी शिंदी काढणाऱ्यालाच घेऊन येतो, तो सांगेल ते खरं. तोवर झाडाला हात लावायचा नाही.

अब्बा गावभर विचारत फिरले. हैदराबादेत बागेत काम केलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, खजुराला बुडाशी पिल्लं फुटतात, शिंदीला फुटत नाहीत. अब्बा धावतच घरी आले आणि बुंध्याशी गुडघे टेकून बसले. एकही पिल्लू नव्हतं.

"फुटायची की," अम्मी दारातून म्हणाली. "दरसाल फुटायची. पुदिना खुडताना पायाला टोचायची, म्हणून म्या विळ्यानं मातीखालनं कापून टाकायची."

अब्बा तिला नाही नाही ते बोलले. तीही गप्प बसली नाही. "झाड कुणी आणलं?" एवढंच तिनं तीनदा विचारलं. मग ती आत गेली आणि आठ दिवस अंगणात आलीच नाही. सवय करून घेते, म्हणाली. मला तिचा संताप आला. मला तेरावं लागलं होतं, आता माझाही पडदा सुरू होणार होता, आणि ती आमचं दोघींचं अंगण न भांडता देऊन टाकत होती. पुदिना खुडायला मला एकटीला पाठवायची. मी खुडून आणला की पानं हुंगायची नि ताट सरकवून द्यायची.

आठव्या दिवशी ते आले. अम्मी आणि मी दाराच्या फटीशी उभ्या होतो. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. शिंदी काढणाऱ्यानं झाडाभोवती एक फेरी घातली, झावळी चुरगळून पाहिली. त्याला काय, एक झाड वाढलं तर त्याचाच फायदा. मग तो खाली बसला आणि कोयत्याच्या टोकानं बुडाची माती उकरू लागला. कधी एकदा बोलतोय, असं मला झालं.

"साहेब, हितं कापल्यात पिल्लं," तो म्हणाला. "ह्या बघा खुणा. जुन्याबी हायती. शिंदी न्हाय ही."

दरोग्यानं वाकून पाहिलं. "मग झाड तुमचं, मियां. ठेवा नाहीतर तोडा," म्हणाला आणि त्या माणसाला घेऊन निघून गेला.

अम्मी बाहेर आली. मी हसत होते, रडतही होते. अब्बा मात्र शेजारच्या घरून कुऱ्हाड मागून आले.

"अवो, आता कशाला? वाचलं न्हाय का?" अम्मीनं त्यांचा हात धरला. "तुमचा लई जीव हाय त्याच्यावर."

"ह्या माणसानं खरं सांगितलं. उद्या दुसरा दरोगा दुसरा माणूस आणंल," अब्बा म्हणाले आणि पहिला घाव घातला. तिसऱ्या प्रहरी असरची अजान होईपर्यंत ते मधेमधे दम खात घाव घालत राहिले. मला कुणी मदतीला बोलावलं नाही.

झाड पडल्यावर त्यांनी घाम पुसला. अम्मीकडं न बघताच विचारलं, "हितं काय लावू? तू म्हणशील ते आणतो."

"काय नको," अम्मी म्हणाली. "आठ दिस आत बसून अंग आंबलंय. हितं मला बसू द्या."

तिनं ओढणी खांद्यावर टाकली आणि त्या उकरलेल्या मातीतच बसली.