खिडकीतलं मशीन

शिवणकाकूंच्या घरात ‘मशीन’ म्हटलं की एकच : पायाने चालवायचं, खिडकीला टेकवून ठेवलेलं. अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे गणवेश त्यावर शिवले गेले. मग एक दिवस नवऱ्याने कॉम्प्युटर आणला आणि काकूंची जागाही गेली, शब्दही गेला.

“प्लग तिथेच आहे गं,” नवरा म्हणाला. “थोडे दिवस पॅसेजमध्ये भागव.”

थोडे दिवस! त्या डबड्याचे लाड काय सांगावेत! चपला बाहेर, पंख्याचं तोंड त्याच्याकडे, धूळ बसू नये म्हणून वर कापडी टोपडं. आणि ते शिवायचं कोणी? काकूंनीच, पॅसेजच्या मिणमिणत्या दिव्याखाली डोळे फोडून. गडद कापडावरचा टाका तिथे धड दिसायचा नाही. डबड्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटेपर्यंत काकूंची एक बाही जोडून व्हायची, पण आल्यागेल्याला नवरा मोठ्या तोऱ्यात सांगायचा, “चला, मशीन दाखवतो.” काकू पॅसेजमध्ये बसून कचाकच कात्री चालवायच्या.

पुढे डबडी बदलत गेली. रंग आले. फ्लॉपी गेली, सीडी आली, तीही गेली. पाठीला कुबड असलेला पडदा जाऊन पाटीसारखा सपाट आला. दर वेळी काकू विचारायच्या, “आता लहान झालं ना? मग द्या माझी खिडकी.” उत्तर तयारच असायचं. आधी प्रिंटरला जागा हवी, मग स्पीकरना. जुनी डबडी टेबलाखाली, म्हणे लागतील कधीतरी. शेवटी मांडीवर मावेल असा लॅपटॉप आला, तर व्हिडिओ कॉलला तोंडावर उजेड हवा! रिटायर माणसाचं ते तोंड कोणाला बघायचं होतं, देव जाणे. काकूंचा त्या वस्तूवर नुसता राग नव्हता. सवतीचा करावा तसा त्या तिचा द्वेष करायच्या.

परवा नवऱ्याने खिशातून फोन काढला. “आता सगळं यातच होतं. कॉम्प्युटर हवाय कोणाला?”

काकू ताडकन उठल्या. सरळ भंगारवाल्याला हाक मारली. टेबल, डबडी, त्यांचे पडदे, वायरींची भेंडोळी, सगळं जिना उतरून गेलं. नवरा “अगं, अगं” करत मागे फिरत होता. काकूंनी मशीन ओढत खिडकीत आणलं, तेल घातलं, स्टूल घेतलं. इतक्या वर्षांनी तो स्वच्छ उजेड हातावर पडला आणि त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. दोरा जिभेवर ओला करून त्या सुईत घालायला गेल्या. हुकला. पुन्हा हुकला. चष्मा पुसला, डोळे बारीक केले, तरी सुईचं नेढं काही दिसेना.

“आण इकडे, मी ओवतो,” नवरा म्हणाला. “थांब, फोनचा टॉर्च लावतो.”

“हात लावायचा नाही!” काकू कडाडल्या. “डोळे होते तेव्हा खिडकी दिली नाहीत. आता टॉर्च दाखवताय?”

नवरा पेटता फोन हातात धरून तसाच उभा राहिला. काकूंनी दोरा पुन्हा ओला केला.