ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची

डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये मी लहान मुलांना फ्रेंच शिकवत होते. एका रविवारी मालकीणबाईंनी पालकांना तास बघायला बोलावलं. "पालक खूश झाले तरच पुढची बॅच," एवढंच त्या मला म्हणाल्या.

मुलांना आपल्याकडे नसलेला एक स्वर म्हणायचा होता. जीभ 'ई'ची ठेवायची, ओठ मात्र 'ऊ'चे करायचे. फ्रेंचमध्येही 'तू' म्हणजे तूच, पण तो असा म्हणावा लागतो. पाच जणांनी छान म्हटला. सहावी, ठाकुर्लीहून येणारी सात वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडल्यापासून ती तोंडावर हात ठेवूनच बोलायची. उभी राहिली, पण हात काढेचना.

"बोल ना, घरी येतं की तुला," मागून तिची आई म्हणाली. मग चढ्या आवाजात, "हात काढ आधी!"

मुलीचे कान लाल झाले. मालकीणबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी मुलीला खाली बसवायला हवं होतं. पण घाबरून भलतंच बोलून गेले, "ताई, तुम्हीच म्हणून दाखवा ना."

आई उभी राहिली. "तू." मुलं हसली. तिने पुन्हा म्हटलं, तरी आपलं 'तू'च. आता पालकही हसायला लागले. ती पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात मुलगी बाकांमधून तिच्यापाशी गेली. "हसू नका कुणी!" असं ओरडली आणि तिने आईची हनुवटी धरली. "आई, ई म्हण. म्हणत राहा. जीभ हलवायची नाही हं. आता फक्त ओठ शिट्टीसारखे कर." तिने स्वतः करून दाखवलं. 'ई' म्हणताना दातांतली फट सगळ्यांना दिसली. आईला तरीही जमलं नाही, पण हसलं कुणी नाही.

तास संपल्यावर जिन्यात आईला गाठून मी माफी मागितली.

"सगळ्यांसमोर असं करायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरून थांबली. "मीपण तिच्याशी तेच केलं म्हणा."

बॅच मिळाली. पुढच्या रविवारी मुलगी आली की नाही, हे बघायला मी दारातच उभी होते. आली.

"आईला जमलं का गं?"

"नाही ना. चिडते. पण भांडी लावताना एकटीच म्हणत असते."