चित्रामागचं नाव

तारवाल्यानं दारात उभं राहून विचारलं, "ये किसका घर है? नाम बोलो." मी मान खाली घातली. त्यानं पुन्हा विचारलं. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे लहानपणापासून ऐकलेलं... जीभ उचलेना. शेवटी शेजारच्या अमीनाखाला पडद्याआडून ओरडल्या, "अरे, चित्रवाल्याचंच घर हाय ते! दे की तिच्याजवळ." खालांचे मालक मुन्शी आहेत, त्यांना इंग्रजी येतं. त्यांनी तार वाचली, चष्मा काढला आणि खाली बघत राहिले. मला तेवढ्यावरच समजलं.

हे हैदराबादला वारले, त्याला आज दीड महिना झाला.

यांना अक्षरओळख नव्हती. पोरवयात अजिंठ्याच्या लेण्यांत नकला उतरवून घेणाऱ्या चित्रकारांच्या हाताखाली होते. आत उजेड पडावा म्हणून बाहेर उन्हात पांढरं कापड ताणून धरायचं, हे यांचं काम. धरता धरता बघून शिकले. आपल्या चित्रावर नाव असावं असं तेव्हा त्यांना कधी वाटलं नाही. म्हणायचे, "तिथं भिंतीवर कुणाचं नाव हाय का? तरी माणसं येत्यातच ना बघायला."

मग औरंगपुऱ्यातल्या एका तसबिरींच्या चौकटी विकणाऱ्या दुकानदारानं यांची चित्रं विकायला घेतली. गिऱ्हाईक नाव मागतं, कोपऱ्यात मीच तुझं नाव घालत जाईन, असं तो म्हणाला. यांनी हो म्हटलं. वर्षभरानं एका हवेलीत दारांना रंग द्यायला गेले, तर समोर यांचंच चित्र लावलेलं. कोपऱ्यात काय लिहिलंय म्हणून यांनी तिथल्या मुनीमजींना विचारलं. मुनीमजींनी वाचलं ते त्या दुकानदाराचं नाव. "हे तर माझं चित्र," हे म्हणाले. मुनीमजी हसले, "मग तुझं नाव कुठंय रे?" तिथं बसलेले सगळेच हसले.

त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "आजपासून चित्रामागं तू लिहायचं. चौथी शिकलीस ना? मला वाचता येत नाय. दुसऱ्या कुणी काय लिहिलं ते मला कसं कळणार?"

मी पहिल्या चित्रामागं लिहिलं, 'अत्यंत मनोहर व चित्तवेधक दृश्य'. वाचून दाखवलं तर म्हणाले, "हे काय, लग्नाची पत्रिका हाय का? मनोहर हाय का नाय ते बघणारा बघंल. कोण हाय, कुठं बसलाय, काय करतोय, ते लिही." मग मी लिहिलं, 'हिमरू विणणारे चाचा. नजर अधू झाली आहे, धागा बोटांनी ओळखतात.' यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "हां. आता खाली माझं नाव घाल." मी टाक खाली ठेवला.

चिडले नाहीत. हसून म्हणाले, "उखाण्यात बरं घेतीस!" मग दुकानांच्या भिंतींवर चिकटवायला कागद केले, त्यावर मी उखाणाच लिहिला :

पाणचक्कीचं पाणी पडतं खळाळून,
...रावांच्या हातची तसबीर बघा वळून.

औरंगपुऱ्यात माणसं तो वाचून हसायची. यांना हाक मारून विचारायची, "का हो, आज मालकीणबाईंनी नाव घेतलं का?" मला बाहेर पडायची लाज वाटायची, पण गिऱ्हाइकं येऊ लागली. उखाण्यातलं नाव चालतं, त्यानं काही होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

तोच कागद वाचून हैदराबादचे एक कारकून घरी आले. तिथल्या प्रदर्शनासाठी त्यांनी सहा चित्रं निवडली. प्रत्येकामागं माहितीची चिठ्ठी हवी आणि चित्रकाराचं नाव साफ हवं, शायरी नको, असं बजावून गेले. मी सहा चिठ्ठ्या लिहिल्या, नावाची जागा मोकळी सोडून. शेजारच्या मुन्शीजींकडून घालून घेऊ, असं मी म्हणून बघितलं. हे म्हणाले, "अर्धं तुझ्या हातचं, अर्धं दुसऱ्याच्या? मी एकदा फसलोय." थोडं थांबून म्हणाले, "मी मेलो तरी चालंल, पण आता बिननावाचं नको."

असं बोलायला नको होतं. आठ दिवसांपासून त्यांच्या अंगात तापाची कसर होती.

मी सहा वेळा नाव लिहिलं. दरवेळी शाई जास्त उतरली, अक्षर जाड झालं. उंबऱ्याशी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "लिहिलंस?" मी म्हटलं, "व्हय." सुपातला त्यांचा हात थांबला. "बघ बाई," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चित्रं गोधडीत बांधून हे गाडीत बसले. सहाव्या दिवशी तार आली.

त्यानंतर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही त्यांच्यापुढं गेले नाही. त्यांच्या मनात जे होतं, तेच माझ्याही मनात होतं.

गेल्या आठवड्यात यांचे हैदराबादचे चुलतभाऊ चित्रं परत घेऊन आले. सांगत होते, लोक चित्र उलटं करून चिठ्ठ्या वाचायचे आणि यांना नावानं विचारायचे. तापात पडल्या पडल्या यांनी ते दोनदा सांगायला लावलं...

काल तो चौकटीवाला आला. घरात अजून चौदा चित्रं आहेत, एकावरही नाव नाही. तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, बिननावाचा माल कोण घेतंय? माझ्याकडं द्या, मी खपवतो." इतक्यात सासूबाई परत आलेल्यांतलं एक चित्र घेऊन बाहेर आल्या आणि ते माझ्यापुढं उलटं धरलं.

"ह्याच्यात त्याचं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं.

"वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सासूबाईंनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि चौकटीवाल्याला म्हणाल्या, "ऐकलंस ना? ऊठ मग."

तो गेल्यावर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दौत आण. राहिलेल्यांवर पण लिही. आता काय व्हायचं राहिलंय?"

मी दौत आणली. पहिलं चित्र मांडीवर पालथं घेतलं आणि लिहिलं, 'चित्रकार रंगनाथ'. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघी उगीच दाराकडं बघत बसलो.