शेवग्याखालचा पाचोळा

अमिरातीतल्या अल ऐनला आमच्या व्हिलात येणारा माळी छाटलेली पानं कधी कचऱ्यात टाकायचा नाही. हातानेच बारीक तोडून झाडांच्या बुंध्याशी पसरायचा. मला तो पसारा वाटे. शेवटी मी त्याच्या सुपरवायझरकडे तक्रार केली. त्यानंतर माळी मुकाट्याने सगळा पाला गोण्यांत भरू लागला.

जुलैत आम्ही पुण्याला गेलो आणि इकडे बागेचा पाइप फुटला. दहा दिवस झाडांना पाणी नव्हतं. परत येऊन पाहिलं, तर लॉन करपलेलं, पण शेवगा हिरवागार. माळ्याने भरलेल्या गोण्या उघडून शेवग्याच्या बुंध्याशी वीतभर पाचोळा घातला होता; त्याखालची माती अजून ओलसर होती.

"तक्रार मीच केली होती," मी ओशाळून हिंदीत म्हटलं.

"मालूम है, साब. लेकिन पेड का क्या कसूर?"